सप्तशृंग गडाच्या गोष्टी गोळा करतेय. सांगणाऱ्याची श्रद्धा अभ्यासायची कशी?

नांदुरीची_पायरी

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय तो सप्तशृंगी देवीबद्दल दिंडोरी आणि कळवण तालुक्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आणि त्यामागची लोकांची श्रद्धा. गोष्टींना तोटा नाही. घोडं अडलंय ते श्रद्धेपाशी.

हाती काय आलंय ते आधी सांगते. देवीची मान एका बाजूला कललेली आहे, कारण समोरच्या मार्कंड्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करतात आणि आई कान देऊन ऐकते. ही गोष्ट तर गडावर पहिल्यांदा आलेल्या पोरालाही सांगतात. महिषासुर पळत सुटला तेव्हा देवीच्या त्रिशुळानं डोंगराला आरपार भोक पडलं, ते लोक खालून बोट करून दाखवतात. आई सकाळी बालिका दिसते, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी म्हातारी. रात्री देऊळ बंद झालं की गाभाऱ्यात वाघ येऊन बसतो आणि उजाडायच्या आत निघून जातो. २०२२ साली मूर्तीवरचं शेंदराचं जाड कवच उतरवलं, त्यानंतरही नव्या गोष्टी जन्माला आल्यात, आणि मला त्याच जास्त आवडतात. एक आजी म्हणाल्या, "सापानं कात टाकावी तसं आईनं जुनं अंग टाकलं. आता परत तरणी झाली."

आता अडचण. मार्गदर्शकांनी प्रश्नावली करायला सांगितली. प्रत्येक कथेखाली 'या कथेवर तुमचा विश्वास आहे का? हो / नाही / सांगता येत नाही' अशा चौकटी. ती घेऊन मी फिरले आणि झाडून सगळ्यांनी 'हो' सांगितलं. पायथ्याला नांदुरीत ओटीचं सामान विकणाऱ्या एक मावशी तर म्हणाल्या, "हो लिही ना बाई, नाही कोण म्हणंल?" फॉर्म भरून झाला, मी पिशवी उचलली, तेव्हा कुठे त्यांनी आपणहून वाघाचा विषय काढला. त्यांचे सासरे तरुणपणी गडावर मुक्कामाला असायचे, त्यांनी रात्री डरकाळी ऐकली होती म्हणे. "पण आता नाही येत वाघ. ट्रॉली झाली, लाईट झाले, रात्रभर माणसं. तो बसंल कुठं?" (ट्रॉली म्हणजे गडावर चढणारी रुळांवरची गाडी.) हे बोलताना त्या वाघावर नाही, लाईटवर रागावलेल्या होत्या.

या मावशींचा वाघावर विश्वास आहे की नाही? माझ्या फॉर्ममध्ये यासाठी चौकटच नाही. आणि हेच बोलणं मला बाकी सगळ्या भरलेल्या कागदांपेक्षा मोलाचं वाटतं. लोक जगाकडे कसं बघतात हे अशा बोलण्यातून नेमकं कसं बाहेर काढायचं?

आणखी एक. आमचं मूळ गाव मालेगावकडचं. घरातून दर चैत्रात गडावर पायी जातात, मीही जाते. सर म्हणतात, अभ्यासकानं अंतर ठेवावं. ते कसं ठेवायचं, कुणी सांगेल का?

जुन्या_नाशकातली_सून

तुझा प्रश्न वाचला आणि आमच्या घरचा वीर डोळ्यांपुढे आला. जुन्या नाशकातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते. धुळवडीला आमच्याकडे वीर नाचवतात. देवघरातला पूर्वजाचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, लाल फडक्यात धरायचा आणि वाजतगाजत गंगेवर न्यायचा. तिथे अंघोळ घालून परत आणायचा. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.)

तर हा आमचा वीर कोण? सासूबाई म्हणतात, लढाईत पडला. चुलतसासरे म्हणतात, रात्री चोरांशी झटापट झाली तीत गेला. नणंद म्हणते, लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या अंगानं गेला. मला वाटतं, नणंदेची गोष्ट दाजीबा वीरावरून आली असावी. त्याची मिरवणूक शहरात त्याच दिवशी निघते आणि हळद लागलेल्या नवरदेवाला वाटेत मारलं अशीच त्याची कथा आहे. गल्लीतली मोठी गोष्ट घरातल्या छोट्या गोष्टीत मिसळली.

या तिघांत यावरून कधी वाद झालेला मी ऐकला नाही. पण एका धुळवडीला घरात बाळ तापानं फणफणलं होतं आणि वीर न्यायला कुणी मोकळं नव्हतं, तेव्हा तिघंही एका सुरात म्हणाले की काही झालं तरी वीर न्यायलाच हवा. शेवटी शेजारच्या मुलानं नेला. अकाली गेलेला माणूस घर सोडत नाही, त्याला वर्षातून एकदा मान दिला की तो घर राखतो, हे तिघांनाही पक्कं ठाऊक आहे. तो गेला कसा, हे ज्याचं त्यानं आपापलं सांगावं. म्हणून म्हणते, निरनिराळ्या गोष्टी आल्या तर खरी कोणती ते शोधत बसू नकोस. सगळ्या सांगणाऱ्यांना मिळून काय चुकवून चालत नाही, ते टिपून ठेव.

आश्रमशाळा_मास्तर

ताई, तुमच्या फॉर्ममधला विश्वासाचा प्रश्न आधी काढून टाका. ज्याला 'नाही' म्हणायची मोकळीक असते त्यालाच हा प्रश्न विचारता येतो. गडाच्या पायथ्याशी ओटी विकून ज्यांचं घर चालतं त्या मावशींना ती कुठली? त्यांनी तुम्हाला तसं स्पष्ट सांगितलंही. त्या वाक्याला प्रबंधात आधी जागा द्या.

माझी नोकरी सगळी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या आश्रमशाळांत गेली. मुलं कोकणा, वारली, महादेव कोळी. सुरुवातीला मीही वही घेऊन कथा गोळा करत असे. एका गावात थाळ लावणारे एक भगत होते. थाळ म्हणजे काशाची साधी थाळी. मधोमध मधमाशीचं मेण थापायचं, त्यात एक लांब काडी उभी रोवायची, बोटांना राख लावायची आणि ती काडी दोन्ही हातांनी वरून खाली निसटती ओढत राहायची. थाळीतून असा घुमारा निघतो की तो कुठून येतोय ते खोलीत बसलेल्यालाही कळत नाही. त्या घुमाऱ्यावर कथा चालते, शेजारी हुंकार भरणारा लागतो, आणि रात्र सरते. मी त्यांना ऐन पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, कथा सांगा म्हणालो. ते म्हणाले, "थाळ नाही लावणार. नुसतं तोंडानं सांगतो, पण ते धरू नका, गुरुजी." आणि खरंच घटकाभरात सगळं सांगून मोकळे झाले. तीच कथा पुढे एका घरी दिवसकार्याला थाळेवर ऐकली तेव्हा पहाट झाली.

गोष्ट तीच, माणूसही तोच. एकदा ती 'धरायची' नव्हती आणि एकदा तिच्यावाचून मेलेल्या माणसाला वाट मिळणार नव्हती. तुमच्या फॉर्मला या दोन्हींत फरक दिसला नसता. म्हणून कथा लिहून घेताना ती कधी सांगतात, कुणी सांगायची, कुणापुढे सांगत नाहीत, काय केल्याशिवाय सुरू करत नाहीत, अर्धवट सोडली तर काय होतं, हे कथेइतक्याच बारकाईनं लिहा. श्रद्धा मला बहुतेक वेळा तिथे सापडली.

दुसरं उदाहरण कणसरीचं. कणसरी म्हणजे धान्याची आई. ती रुसते, निघून जाते, मग लोकांचे हाल होतात आणि तिची मनधरणी करून तिला परत आणावं लागतं. ही कथा येते का असं विचारलं तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं नाही म्हणत. पण नागली-वरईच्या खळ्यात एकही पोर पायात चप्पल घालून शिरायचं नाही, आणि सांडलेला दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायचं. कथा विसरली तरी तिनं शिकवलेलं पायांना ठाऊक होतं. धान्य ही मालकीची वस्तू नाही, ती पाहुणी आहे, तिचा मान राखला तरच ती टिकते, हे जगाकडे बघणं झालं. ते त्या पोरांच्या वागण्यात होतं, मी उतरवून घेतलेल्या कथेत तितकं नव्हतं.

तिसरं बोहाड्याचं. आमच्या पट्ट्यात फाल्गुनापासून गावोगाव बोहाडा बसतो. रात्री संबळ-पिपाणीवर देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. देवीचं सोंग ज्यांच्या घरी होतं ते आमच्या शाळेत स्वयंपाकी होते. सकाळी मी त्यांच्या हातचा चहा प्यायचो. रात्री मुखवटा चढला आणि ते नाचत समोर आले की त्यांची स्वतःची आई त्यांच्या पाया पडायची. कुणाची फसगत झालेली नसते. मुखवट्याखाली कोण आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं, आणि तरीही तेवढ्या वेळापुरती समोर देवी असते. हे दोन्ही एकाच मनात सुखानं नांदतात. तुमच्या मावशींच्या मनात वाघही असाच आहे. पूर्वी होता, आता येत नाही, आणि आपण थोडे गप्प झालो, दिवे मालवले, तर कदाचित येईलही. त्यांची तक्रार वाघाविषयी आहे असं मला वाटत नाही. आईला रात्री एकांत मिळत नाही म्हणून त्या चिडल्यात. म्हणजे देवी रात्री थकते, तिला स्वस्थता हवी असते, तिच्या सोबतीला रानातलं जनावर चालतं पण माणसांची गर्दी नको, असं त्या मानतात. आता सांगा, 'विश्वास आहे' या चौकटीत यातलं काय मावलं असतं?

तुम्ही कललेल्या मानेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक म्हणून एका ओळीत उरकलीत, ते करू नका. अठरा हातांत आयुधं घेतलेली, महिषासुराला मारणारी देवी. तिच्या मूर्तीत सांगण्यासारखं किती होतं! आणि लोकांनी गोष्ट कशाची केली, तर ऐकण्याची. समोरच्या डोंगरावर कुणीतरी वाचतंय आणि ती मान वळवून ऐकत उभी आहे. चैत्राच्या उन्हात खानदेशातून पायी आलेली बाई तिच्यापुढे घरचं गाऱ्हाणं मांडते ते कुणाच्या भरवशावर? जी त्या ऋषीचं ऐकते ती माझंही ऐकेल. ही गोष्ट सांगणाऱ्या बायकांना एकदा विचारा, आईपुढे उभ्या राहिल्यावर तुम्ही काय बोलता. मनात बोलता की ओठांनी? कोणत्या बाजूला उभ्या राहता? उत्तरं आली की कथेशेजारी ठेवा.

अंतराचं म्हणाल तर तुम्ही चैत्रात चालत जाता हे पहिल्या प्रकरणात सरळ लिहून टाका. वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे. पाय दुखेपर्यंत चालल्याशिवाय वाटेतल्या गोष्टी कानावर पडत नाहीत, हाही तुमचा फायदाच आहे.

येवल्याचा_मुलगा

मास्तरांचं सगळं पटलं. एक बाजू मात्र राहून जाऊ नये म्हणून लिहितो. गोष्टीत लोकांचं जग दिसतं खरं, पण त्या जगात कुणाला आत जागा आहे आणि कुणाला दाराबाहेर, हेही त्याच गोष्टीत ठरतं.

मी नाशिक जिल्ह्यातल्या बौद्ध घरातला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाड पुढे. देवळाचे दरवाजे बंद केले गेले. त्याच साली रामाचा रथ ओढण्याच्या हक्कावरून दगडफेक झाली. लढा काही वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ज्या रामाचं ते देऊळ, त्याच रामाच्या कथेत शबरीची बोरं आहेत. ती कथा कीर्तनातून ऐकत मोठी झालेली माणसं उन्हात दाराबाहेर बसली होती. कथेवर आतल्यांची श्रद्धा होती आणि बाहेरच्यांचीही. मग दोघांचं जग एक होतं का? हा प्रश्न तुमच्या विषयाला टाळता येणार नाही.

आता घरचं. माझी आजी जात्यावर सीतेच्या ओव्या म्हणायची. पंचवटीत सीतागुंफेपाशी जी कथा ऐकवतात ती रावणाच्या कपटाची. आजीच्या ओव्यांत रावण जवळजवळ नव्हताच. तिथे होता तो सासुरवास, गरोदरपणी रानात सोडून दिलेली बाई, आणि तिच्या बाळंतपणाला कुणी नाही हे दुःख. १९५६ ला धम्म स्वीकारल्यावर आमच्या घरातून राम गेला. देव्हारा गेला. आजीच्या जात्यावर भीमाच्या ओव्या आल्या, चाल तीच राहिली. सीतेच्या ओव्या मात्र तिनं सोडल्या नाहीत. वडील एकदा रागावले तेव्हा म्हणाली, "ती कुठं देव आहे? ती बाई आहे."

धर्म बदलला, दैवत बदललं, तरी त्या कथेतलं काहीतरी तिनं आपलं म्हणून राखून ठेवलं. हे तुम्ही कोणत्या रकान्यात लिहाल? माझी विनंती एवढीच की गडावरच्या गोष्टी गोळा करताना दिंडोरी-कळवणमधल्या आमच्या वस्त्यांतही जा. जे आता गडावर जात नाहीत त्यांनाही देवीच्या गोष्टी ठाऊक असतात, आणि ते त्या वेगळ्या तऱ्हेनं सांगतात.

नांदुरीची_पायरी

येवल्याचा_मुलगा, तुमच्या आजींचं वाक्य वाचून उठून घरभर फेऱ्या मारल्या. माझ्या यादीत तुमच्या वस्त्या नव्हत्या. आता घालते, आणि जाण्याआधी तुम्हालाच विचारीन.

मास्तर, आजच आईला फोन करून विचारलं की गडावर देवीपुढे तू काय बोलतेस. आधी हसली. मग म्हणाली, "काही नाही बोलत. जाऊन उभी राहते. वर्षभर घरात कुणी माझ्याकडे बघत नाही, तिथं ती मान वळवून बघते." मी इतकी वर्षं तिच्या सोबत चालते, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. आमच्या आईच्या गोष्टीत मान ऐकण्यासाठी कलत नाही, बघण्यासाठी कलते. ऋषीच नाही त्यात!

सरांना प्रश्नावली हवीच आहे. ती परिशिष्टात ठेवीन आणि सगळे 'हो' का आले यावर एक प्रकरण लिहीन म्हणते. पण वाघाचं प्रकरण कसं मांडू? कुणी म्हणतं वाघ येतो, कुणी म्हणतं यायचा, कुणी म्हणतं आमच्या अमक्यानं ऐकला. सगळं एकाच कथेखाली घालायचं का?

ओवी_आणि_टाक

नाही, एका कथेखाली घालू नका. इथे पुस्तकी विद्या थोडी कामाला येईल. स्वीडनच्या कार्ल फॉन सिडोनं १९३४ मध्ये स्वतःला आलेल्या अनुभवाची हकिगत आणि गावात फिरणारी आख्यायिका असा भेद केला आणि पहिलीला 'मेमोरेट' म्हटलं. पुढे १९६४ मध्ये फिनलंडच्या लाउरी होन्कोनं लोकसमजुतींच्या अभ्यासासाठी या हकिगती का महत्त्वाच्या ते दाखवलं. माणसाला अंधारात काहीतरी जाणवतं, त्याला गावानं आधीच शिकवलेलं नाव मिळतं, आणि मग ती हकिगत होते. सासऱ्यांनी ऐकलेली डरकाळी ही त्या जातीची. सून ती सांगते तेव्हा ती एक पायरी लांब गेलेली असते. 'वाघ येतो' हे कुणाचंच नाव न घेता सांगितलेलं असतं, ते वेगळं. तुमच्याकडच्या प्रत्येक सांगण्यापुढे एवढंच लिहा: कुणी अनुभवलं, सांगणाऱ्याचं त्याच्याशी नातं काय, आणि साधारण कोणत्या काळातलं. ट्रॉली २०१८ ला सुरू झाली. वाघ कधीपासून येईनासा झाला हे प्रत्येकाला विचारा. उत्तरं निरनिराळी येतील, कुणी रस्त्यावर नेईल, कुणी विजेवर, कुणी ट्रॉलीवर. गडावर नेमकं काय बिघडलं असं कुणाला वाटतं, ते त्यातून उलगडत जाईल.

अमेरिकेतल्या अ‍ॅलन डंडेसनं १९७१ मध्ये असं मांडलं की कथा, म्हण, नवस, शिवी अशा निरनिराळ्या ठिकाणी एकच न बोललेली कल्पना पुन्हा पुन्हा सापडते, आणि अशा कल्पना जोडत गेलं की लोकांचं जग दिसू लागतं. तुमच्याकडे 'देवीला एकांत हवा' ही कल्पना आली आहे. ती वाघात आहे. आणखी कुठे आहे का ते तपासा: देऊळ बंद करण्याच्या रीतीत, गडावर रात्री मुक्काम करणाऱ्यांच्या नियमांत, मानाचा झेंडा रात्री शिखरावर चढतो त्याबद्दलच्या बोलण्यात. तीन-चार ठिकाणी सापडली तर मग ठामपणे लिहा. एकट्या मावशींवर सगळा भार टाकू नका.

आणि रेकॉर्डिंग करत असाल तर आधी विचारा, नंतर ज्याचं त्याला ऐकवा. ऐकताना माणसं स्वतःच सांगतात की इथे मी चुकलो, हे असं नाही, तसं. माझ्या वह्यांमधला चांगला ऐवज या दुसऱ्या फेरीतूनच आलेला आहे.

आश्रमशाळा_मास्तर

आईंचं उत्तर जसंच्या तसं छापा, एक अक्षर नीटनेटकं करू नका.

एकांताचं तपासायचं असेल तर मार्गशीर्षात कळवण-सुरगाण्याकडे डोंगऱ्यादेवाचे माऊल्या, म्हणजे त्या देवाचं व्रत घेतलेली माणसं, फिरतात ते बघा. अनवाणी असतात, एकवेळ जेवतात, घराच्या सोयी सोडलेल्या असतात. पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर जातात. देवाकडे जाताना माणसानं काय मागे ठेवायचं याची त्यांची समज आणि तुमच्या मावशींची समज कुठे जुळते ते बघता येईल. तिथे पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, ते ऐकण्यासाठी तरी जाच.

बोहाडा बघायचा असेल तर तारीख पंचांगात मिळणार नाही, गाव ठरवतं. होळी झाली की पेठच्या बाजारात विचारा, कोणत्या गावी कधी आहे ते कुणीही सांगेल. गावात गेल्यावर आधी पाटलाकडे नारळ ठेवा. मुखवटे ज्या घरात असतात तिथे मोबाइल खिशात ठेवा आणि बाहेर काढण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. देवीचं सोंग बहुतेक पहाटेकडे निघतं, तेव्हा मुक्कामाच्या तयारीनं जा. रात्री परतीची एसटी नसते.